दोनशे बारा शिपायांचे डोळे

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, आणि जून लागला की तिच्यात पाय ठेवायला जागा नसायची. मूर्तीच्या अंगाला रंग कोणीही शिकाऊ देतो, पीतांबरही दोन हंगामांत जमतो, पण डोळ्यांची आखणी सगळ्यांच्या हाती देत नाहीत. बाबांनी ती माझ्या हाती चौदाव्या वर्षी दिली. "श्वास धर, रेघ काढ, मग सोड," एवढंच शिकवलं. बाकीचं हातानेच शिकायचं असतं. लग्न होईपर्यंत बारा हंगाम मी आखणी केली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे भर सभेत माझ्या कामाला 'मदत' म्हटलं गेलं, आणि तेव्हा माझं डोकं का फिरलं ते नीट कळायला हवं.

२००४ मध्ये लग्न होऊन मी जर्सी सिटीला आले. नवरा एका विमा कंपनीत आयटीत होता. घर चौदाव्या मजल्यावर. मान तिरकी केली की खिडकीतून नदी दिसायची, आणि येणारा प्रत्येक पाहुणा मान तिरकी करून फोटो काढायचा. मला त्या खिडकीचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी होतं. ती उत्तरेची होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा उजेड, रंगकामाला याहून चांगला मिळत नाही. पण रंगवायचं काय? माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला टाचलेला, नोकरीची परवानगी नाही. स्वयंपाक किती वेळ करणार? दहा वाजता माझा दिवस संपायचा आणि संध्याकाळी सहापर्यंत तसाच पडून असायचा.

त्या वर्षी गणपतीला मी क्राफ्टच्या दुकानातून माती आणली आणि वीतभर मूर्ती केली. नवऱ्याने ऑफिसातल्या चौघांना जेवायला बोलावलं होतं, त्यात त्याचा मॅनेजरही होता. पन्नाशीचा, उंच, हसरा, मोठ्या आवाजाचा अमेरिकन माणूस. नवरा घरी त्याला 'साहेब' म्हणायचा. थट्टेने म्हणायचा, पण ती निव्वळ थट्टा नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. साहेबाने मोदक अर्धा खाऊन ठेवला, मूर्तीपाशी गेला, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक टेकेल इतका वाकून बघत राहिला.

"हे डोळे कोणी काढले?"

"हिने," नवरा म्हणाला.

"हे माझ्याकडे बघतायत."

"तसेच काढायचे असतात," मी म्हणाले. "समोर बसलेल्याकडे बघणारे. किंचित खाली."

पुढच्याच आठवड्यात नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीतून एक शिपाई घरी आला. धातूचा, अंगठ्याच्या पेराहून थोडा उंच, पाठीवर पिशवी, खांद्यावर बंदूक. साहेबाला जुन्या लढाया खेळायचा छंद होता. मोठ्या टेबलावर खोट्या टेकड्या, नद्या, गावं मांडायची, त्यांवर असे शेकडो शिपाई उभे करायचे, टेपने मोजून ते पुढे सरकवायचे आणि कोण मेलं, कोण वाचलं ते फासे टाकून ठरवायचं. अशा खेळाची माणसं अमेरिकेत गावोगावी आहेत आणि वर्षातून काही वेळा ती एका ठिकाणी जमतात, हे मला नंतर कळलं. साहेबाचा निरोप एवढाच होता: सहज, गंमत म्हणून, एक रंगवून बघशील का?

मी रंगवला. ब्रश जाड होता म्हणून कात्रीने त्याचे तीन-चारच केस ठेवले. चेहरा मोहरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा. आधी पांढरं, मग बुबुळ, मग वरच्या पापणीची रेघ. श्वास धरून. सोडला तेव्हा तो शिपाई माझ्याकडे बघत होता, आणि खरं सांगते, या देशात आल्यापासून पहिल्यांदा मला माझा हात माझा वाटला.

मग बारा आले. मग चोवीस. मग साहेब स्वतःच रंगांची पेटी आणि गणवेशांच्या रंगीत चित्रांचं पुस्तक घेऊन आला. दोनशे वर्षांपूर्वीची फ्रेंच फौज, रशियातून हरून, बर्फातून परत निघालेली. कुणाच्या डोक्याला फडकं, कुणाच्या अंगावर घोंगडी, कुणाच्या पायाला चिंध्या. मी पुस्तक वाचून काढलं. कुठल्या पलटणीची कॉलर लाल, कुणाची पिवळी, बर्फात राहून निळा रंग कसा विटतो, सगळं. प्रत्येकाला वेगळा चेहरा दिला. एकाला आमच्या एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरच्या मिशा दिल्या. घोड्यावरच्या एका थकलेल्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांखाली बाबांच्या डोळ्यांखाली असतात तशी वर्तुळं काढली. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात असतात तशी. दहा महिन्यांत दोनशे बारा झाले. साहेब मधूनमधून फोन करून विचारायचा, हे कसं केलंस, ते कसं केलंस. मीही भाबडेपणाने सांगायचे. श्वासाचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "थांब थांब, लिहून घेतो." तो नेहमी 'आपली फौज' म्हणायचा. 'आपली' हा शब्द ऐकायला किती गोड लागतो!

२००५ च्या जुलैत त्याने आम्हाला बोलावलं. पेनसिल्व्हानियातल्या एका मोठ्या हॉटेलात तीन दिवसांचं संमेलन होतं, शनिवारी आपली फौज टेबलावर उतरणार, तुम्ही यायलाच पाहिजे. मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, नवा कुर्ता इस्त्री केला. नवरा सकाळी सहाला गाडी काढताना म्हणाला, "किती नटलीयस! टॉय सोल्जर्स बघायला चाललोय आपण, लग्नाला नाही." पण तोही खुशीत होता. साहेब खूश तर तो खूश. ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीकडून जायचा होता आणि त्याला साहेबाचं पत्र लागणार होतं.

तीन तास मक्याची शेतं बघत गेलो. हॉटेलच्या दारात नावं नोंदवायचं टेबल होतं, तिथे एक प्रेमळ चेहऱ्याची बाई बसली होती. नवऱ्याला तिने बिल्ला दिला, कार्यक्रमाचं जाडजूड पुस्तक दिलं. माझ्याकडे बघून हसली आणि पिवळ्या कागदाचं एक चिठोरं पुढे केलं.

"बायकांसाठी बस आहे, साडेदहाला. आधी गोधड्यांचं दुकान, मग आउटलेट मॉल. अजून दोन सीट शिल्लक आहेत."

"मी शिपाई बघायला आलेय," मी म्हणाले.

"अरे वा, किती छान!" ती म्हणाली. लहान मूल पुढे येऊन पाढा म्हणून दाखवतं तेव्हा म्हणतात तसं. पुस्तक तिने मला तरीही दिलं नाही. नवऱ्याच्या हातातलं दाखवून म्हणाली, "तुम्हा दोघांना एक पुरेल ना?"

तिचा राग मी तिथेच सोडून द्यायचं ठरवलं. आत फौज होती.

तो हॉल मी विसरणार नाही. शंभरेक टेबलं असतील. एकावर वाळवंट, एकावर तटबंदीचं शहर, एकावर आरसा अंथरून केलेला समुद्र आणि त्यावर शिडांची जहाजं. मोठमोठी माणसं, पोटं सुटलेली, दाढ्या पिकलेली, टेबलांवर ओणवी होऊन टेपने इंच मोजत होती. फासे पडले की आरडाओरडा. प्लॅस्टिकच्या कपात कोक, कागदी प्लेटमध्ये हॉट डॉग, आणि शेजारी कुणाच्या तरी हाताने जीव तोडून रंगवलेले हजारो शिपाई. मला हसू आलं. इतकी माणसं या मोहरीएवढ्या चेहऱ्यांसाठी लांबून लांबून येतात, हे कुणी मला पेणमध्ये सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आमचं टेबल मधोमध होतं. गोठलेली नदी, मोडका पूल, पांढरं मैदान, आणि त्यावर माझे दोनशे बारा. घरात मी त्यांना कधी एकत्र पाहिलंच नव्हतं. बारा-बारा करून बुटाच्या खोक्यात जायचे. इथे ते ओळीने चालले होते, माना खाली, आणि डोळे बघणाऱ्याकडे. टेबलाभोवती दोन-तीन रांगा माणसं. एकजण कॅमेरा जवळ नेऊन म्हणाला, "बघा बघा, हे आपल्याकडे बघतायत!"

मी नवऱ्याचा हात धरला. तोही दाबून म्हणाला, "मस्त दिसतायत गं."

मग मला ते कार्ड दिसलं. टेबलाच्या कोपऱ्यात, छोट्या लाकडी स्टँडवर, सुंदर छापलेलं. खेळाचं नाव, लढाईची माहिती. सगळ्यात खाली दोन ओळी. 'मांडणी' पुढे साहेबाचं नाव. 'रंगकाम' पुढे साहेबाचं नाव.

मला आधी खरंच वाटलं की छापताना चूक झाली. माणूस आपल्या बाजूने किती सबबी शोधतो! दुसरी ओळ चुकून पहिल्यासारखी छापली गेली असेल, मी सांगितलं की साहेब कपाळावर हात मारून घेईल आणि पेनाने दुरुस्त करेल. मी टेबलाला वळसा घालून त्याच्याकडे निघाले. तेवढ्यात एक तरुण खेळाडू त्याला विचारत होता, "सर, डोळे कसे काढता हे? माझे सगळे शिपाई भूत बघितल्यासारखे दिसतात."

साहेबाने चष्मा कपाळावर चढवला. "सराव," तो म्हणाला. "आणि श्वास. श्वास धरायचा, रेघ काढायची, मग सोडायचा. बाकी सगळं हात शिकतो."

पेणच्या पत्र्याच्या शेडमधलं वाक्य. माझ्या बाबांचं. पेनसिल्व्हानियातल्या हॉटेलात तो माणूस ते स्वतःचं म्हणून वाटत होता, आणि तो मुलगा ते वहीत उतरवून घेत होता. साहेबाची नजर माझ्यावर पडली. तो जराही चपापला नाही. हात हलवून हसला, "आलीस! बघ, काय दिसते आपली फौज!" आणि परत त्या मुलाकडे वळला.

मी नवऱ्याला ओढत बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं. तिथे कोकचं मशीन घरघरत होतं, त्याच्या आडोशाला आम्ही भांडलो.

"कार्ड वाचलंस?"

"वाचलं."

"कधी?"

"आल्या आल्या." तो जमिनीकडे बघत होता. "अगं, त्याचेच सोल्जर्स आहेत. त्याचेच पेंट्स. त्याचा गेम आहे."

"रंग कुणाचेही असतील. 'रंगकाम' असं लिहिलंय. काम कुणाचं?"

"हळू बोल यार. तुझंच. मला माहितीय, त्याला माहितीय. इश्यू कशाला करायचा? पुढच्या महिन्यात लेटर द्यायचंय त्याला. आत्ता नको. प्लीज."

मी गप्प झाले तसा त्याला धीर आला, आणि त्याने अक्कल चालवली. "आणि तुमच्या कारखान्यात तरी कुठे नाव लिहिता? हजारो गणपती जातात. कुणी डोळे काढले, कोण विचारतं?"

हे त्याने बोलायला नको होतं. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. "आमच्याकडे कुणाचंच नाव नसतं," मी म्हणाले. "बाबांचंही नसतं. इथे नाव आहे, आणि ते दुसऱ्याचं आहे. यातला फरक तुला कळत नसेल तर तू इंजिनियर कसा झालास?"

मशीनमध्ये नाणी टाकून त्याने एक कोक काढला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.

एकटीच हिंडत बाजूच्या दुकानांच्या दालनात गेले. तिथे शिपाई, रंग, खोटी झाडं, पुस्तकं विकायला होती. एका दुकानात साठीची एक बाई दिव्याला लावलेल्या भिंगाखाली घोडे रंगवत बसली होती. हात पाहूनच कळतं. करंगळी टेबलाला टेकवून बाकीचा हात मोकळा, अगदी बाबांसारखी पकड. मागे कपाटात शेकडो रंगवलेले शिपाई आणि वर मोठ्या अक्षरांत एका पुरुषाचं नाव.

"हे सगळे तुम्ही रंगवलेत?" मी विचारलं.

"बावीस वर्षं रंगवतेय." तिने ब्रश न उचलता उत्तर दिलं.

"मग वर नाव?"

"नवऱ्याचं." ती हसली. "लोकांना तेच आवडतं, बाळा. बाईने रंगवलेत म्हटलं तर त्यांना वाटतं, गणवेश चुकले असणार."

मी तिला माझी गोष्ट सांगितली. भडाभडा सांगितली, मोडक्या इंग्रजीत. तिने ब्रश खाली ठेवला, पूर्ण ऐकलं, आणि परत हसली. वाईट मनाने नाही, समजुतीने. "सवय होते," ती म्हणाली. "पहिली दोन वर्षं जरा जड जातं."

तिच्यावर मी रागावायला नको होतं, पण रागावले. साहेबावर होते त्याहून जास्त, त्या क्षणी. बावीस वर्षांत तिने एकदा तरी आरडाओरडा केला असता, तर आज मला त्या पिवळ्या चिठोऱ्याऐवजी एखादं पुस्तक मिळालं असतं, असं माझ्या मनात आलं. हा विचार अन्यायाचा होता, मला ठाऊक आहे. तिचं कुठलं पत्र कुणाकडे अडकलं होतं, मला काय माहीत? पण तिचं ते हसू घेऊन मला घरी जायचं नव्हतं, एवढं मात्र पक्कं झालं.

परत आले तेव्हा खेळ रंगात होता. शत्रूचे घोडेस्वार पुलावर चाल करून आले होते, फासे पडत होते. माझा तो थकलेला अधिकारी मेला. एका खेळाडूने त्याला घोड्यासकट दोन बोटांत उचललं आणि केक भाजायच्या ट्रेमध्ये इतर मेलेल्यांबरोबर आडवा टाकला. खेळच तो, मरायचेच. त्याचं मला काही वाटलं नाही. मला वाटलं ते त्या ट्रेपलीकडच्या कार्डाचं.

चारच्या सुमाराला रंगकामाच्या स्पर्धेचे तिघे परीक्षक आले. त्यांतले मुख्य होते सत्तरीचे, पांढऱ्या दाढीचे, पँटला खांद्यांवरून गॅलिसचे पट्टे लावलेले. त्यांनी टेबलाला दोन चकरा मारल्या, भिंग काढून चेहरे पाहिले, आपसांत कुजबुजले. मग एकाने शिट्टी वाजवली आणि गॅलिसवाले आजोबा म्हणाले की सर्वोत्तम रंगकामाचं या वर्षीचं पदक या फौजेला आहे, आणि अशी जिवंत नजर आपण या हॉलमध्ये आजवर पाहिलेली नाही.

टाळ्या. साहेब पुढे झाला, लाकडी पाटीवरचं पदक घेतलं आणि म्हणाला, "बायकोचे आभार. दोन वर्षं तिने मला बेसमेंटमधून बाहेर ओढलं नाही."

सगळे हसले. दोन वर्षं! बेसमेंट! त्याचं बेसमेंट मी पाहिलेलंही नव्हतं. माझी खिडकी, माझे दहा महिने, मानेला लागलेली रग, आणि त्याला साधी खरी मुदतही सांगाविशी वाटली नाही.

"ते मी रंगवलेत," मी म्हणाले.

आवाज इतका मोठा निघेल असं मलाच वाटलं नव्हतं. टाळ्या थांबल्या.

"सॉरी?" आजोबा म्हणाले.

"सगळे. दोनशे बारा. मी रंगवलेत. यांनी एकही नाही."

साहेबाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग हसला. तेच मोठं, घरी जेवायला आल्यावरचं हसू. "माझ्या टीममधल्या एकाची ही बायको," तो सगळ्यांना म्हणाला. "फार गुणी मुलगी आहे. हिने मला मदत केली, खूप मदत केली. ते सांगायचं राहिलंच. थँक यू!" आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागला. दोन-चार जणांनी साथही दिली.

मदत! नऊवारी लुगड्याएवढं काम माझ्याकडून करून घेऊन पदराचा काठ माझ्या हातात द्यायला निघाला होता, आणि वर टाळ्या. मी पुढे जाऊन टेबलावरचा एक शिपाई उचलला. "या शिपायांच्या डोळ्यांत आधी काय काढतात, पांढरं की बुबुळ, त्यांना विचारा. निळा कोट विटका करायला त्यात कुठला रंग मिसळलाय ते विचारा. मिशांचा कुठला, ते विचारा."

आजोबांनी साहेबाकडे पाहिलं. "तू रंगवलेस का?"

"हे टीमवर्क आहे," साहेब म्हणाला. "कल्पना माझी, संशोधन माझं..."

"मी विचारतोय ब्रश कुणाच्या हातात होता."

साहेबाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. हॉलमध्ये दूरच्या टेबलांवर फासे पडल्याचे आवाज येत होते. मी वळून नवऱ्याला शोधलं. तो गर्दीच्या कडेला उभा होता, हातात तोच न उघडलेला कोक. मी त्याच्याकडे बघतेय हे त्याला दिसलं. एक शब्द बोलायचा होता त्याने. 'हो' एवढाच. तो डब्यावरची अक्षरं वाचत राहिला.

तिघे परीक्षक बाजूला जाऊन बोलले. मला वाटलं, आता बोलावतील. आजोबा आले ते माझ्याकडे नाही, साहेबाकडे. त्यांनी पदक परत मागून घेतलं. मग मला म्हणाले, आणि ते खरोखर ओशाळले होते, "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण स्पर्धेच्या कागदावर तुझं नाव नाही. नियमाप्रमाणे तुला देता येत नाही. ही फौज बाद धरावी लागेल."

आणि पदक शेजारच्या टेबलाला गेलं. वाळवंटवाल्यांना. त्यांच्या उंटांना डोळेच नव्हते, नुसते काळे ठिपके!

त्याच्याकडून काढून घेतलं हे ठीक. पण मला द्यायला नियम आडवा आला, आणि त्याने खोटं छापलं तेव्हा तोच नियम कुठे झोपला होता? मी हे विचारलं. आजोबा म्हणाले, "यू आर राइट," आणि खांदे पाडून निघून गेले. माझं बरोबर आहे हे त्या दिवशी मला नवऱ्याने सांगितलं, आजोबांनी सांगितलं. त्याचा उपयोग एकालाही करता आला नाही.

साहेब शिपाई खोक्यात भरत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे गरजेचं नव्हतं. मला खाजगीत सांगायचंस."

"कार्ड खाजगीत छापलं होतं का?" मी विचारलं.

परतीच्या तीन तासांत नवऱ्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही. पुऱ्या तशाच राहिल्या. वाटभर मी एकच गोष्ट घोकत होते: साहेब परका होता, त्याने चोरी केली, समजू शकते. हा माझा रोजचा. मी आखणी करायला बसले की हा टीव्हीचा आवाज कमी करायचा. रविवारी माझं काम संपेपर्यंत भांडी घासायचा. याच्याइतकं खरं दुसऱ्या कुणाला माहीत होतं?

घरी चाळीस शिपाई रंगवायचे राहिले होते, करड्या रंगाचा नुसता पहिला हात मारलेले. सोमवारी ते मी खोक्यात घालून नवऱ्याच्या हाती दिले. "परत दे." त्याने मुकाट नेले. साहेबाने ते घेतले, थँक यू म्हणाला, आणि त्यानंतर कधी कशाला नाही म्हणाला नाही. पण पत्र पुढच्या महिन्यात आलं नाही, दिवाळीतही आलं नाही. प्रत्येक वेळी 'एचआरकडे आहे' असं हसून उत्तर यायचं. दीड वर्षाने नवऱ्याने पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूमध्ये नोकरी धरली आणि ग्रीन कार्डची रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. त्याने मला त्यावरून कधी टोमणा मारला नाही, हेही लिहायला हवं. पण त्या दिवसाबद्दल माफीही मागितली नाही. आम्ही तो विषय सामान बांधताना जणू जर्सीच्या घरातच ठेवून आलो.

निदान मला तसं वाटत होतं. २००८ च्या हिवाळ्यात बेलव्ह्यूला आमच्या घरी चार मराठी कुटुंबं जेवायला होती. एका काकांचा पुतण्या पुण्याहून नुकताच नोकरीला आला होता, आणि बॉसशी कसं वागावं यावर सगळे त्याला सल्ले देत होते. मी स्वयंपाकघरातून मसालेभाताचं पातेलं घेऊन येत होते, तोच नवऱ्याचा आवाज ऐकू आला.

"अरे, घाबरायचं नाही कुणाला. माझा जर्सीचा बॉस होता ना, त्याने हिच्या पेंटिंगचं क्रेडिट स्वतः घेतलं. भर कन्व्हेन्शनमध्ये! आम्ही तिथल्या तिथे सुनावलं त्याला. ग्रीन कार्डची पर्वा नाही केली."

"वा!" काका म्हणाले. "याला म्हणतात कणा."

मी पातेलं टेबलावर ठेवलं. हातात पळी तशीच होती.

"आम्ही नाही," मी म्हणाले. "मी."

"हां, म्हणजे तेच..."

"तेच नाही. मी बोलले. तू कोकच्या डब्यावरची अक्षरं वाचत होतास."

कुणीतरी खाकरलं. काकूंनी घाईने कोशिंबिरीचं भांडं पुढे सरकवलं, "अगं, बस ना तू पण, गरम गरम घे." नवऱ्याचे कान लाल झाले होते. त्या पुण्याच्या मुलाने मात्र घास तसाच धरून मला विचारलं, "मग काय झालं, वहिनी?"

मी खुर्ची ओढली आणि त्याला पहिल्यापासून सांगितलं. कारखान्यापासून. नवरा मान खाली घालून ऐकत होता, आणि भात निवत होता. निवला तर निवला.